दोन कामांची एकच वस्तू

बारावीनंतर घरातलं लेकरू अभियांत्रिकीसाठी पुण्याला, नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला निघालं की परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेडच्या घरांत एक प्रश्न हमखास उभा राहतो: लॅपटॉप साधा घ्यायचा की गेमिंगचा? मुलाला अभ्यासही करायचा असतो आणि खेळायचंही असतं. बापाला एकदाच पैसे घालायचे असतात. हा प्रश्न नव्या काळाचा वाटतो, पण परभणी जिल्ह्याला तो फार जुना आहे. महागाची एकच वस्तू घ्यायची आणि तिच्याकडून दोन कामं काढायची, हा कोरडवाहू मुलखातल्या घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार आहे. त्या व्यवहारातून तयार झालेली पारख आजच्या दुकानातही उपयोगी पडते, किंबहुना विक्रेत्याच्या आकड्यांपेक्षा ती जास्त भरवशाची आहे, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात गोठ्यापासून करावी लागते. या भागात गोवंशाच्या दोन नामांकित जाती आहेत. कंधारच्या नावाने ओळखली जाणारी लाल कंधारी ही मुख्यतः ओढकामाची. काळ्या चिकट रानात तिचे बैल राबतात, गाईचं दूध मात्र बेताचंच. दुसरी देवणी. आज लातूर जिल्ह्यात असलेल्या देवणीवरून तिला हे नाव मिळालं. गीर, डांगी आणि स्थानिक जनावरांच्या संकरातून साधारण दोनशे वर्षांत ती घडली, असं पशुशास्त्रज्ञ मानतात. वानेरा, बाळंक्या आणि शेवरा असे तिचे रंगावरून तीन प्रकार. शास्त्रीय नोंदींत देवणीचं वर्णन दुहेरी उपयोगाची जात असं केलेलं असतं: गाय दूध देते, बैल नांगर ओढतो. पण देवणी खिलारीइतकी चपळ नाही आणि गीरइतकी दुधाळही नाही. दोन्ही कामांत ती पहिल्या नंबरच्या खाली राहते. तरीही इथल्या शेतकऱ्याने ती दोन शतकं जपली, कारण दुधाला वेगळं आणि औताला वेगळं जनावर पोसण्याइतका कडबा त्याच्याकडे नव्हता. ज्याला फक्त औत हाकायचं होतं, तो लाल कंधारीकडे वळत होता. म्हणजे दुहेरी वस्तूची किंमत कधी मोजायची याचा नियम साफ होता: दोन्ही कामं घरात खरोखर असतील तेव्हाच.

त्या खरेदीची रीतही पाहण्यासारखी आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या जनावरांच्या बाजारात आणि गावोगावच्या आठवडी बाजारांत बैलाचं वय दातांवरून ठरतं: आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि शेवटी जुळलेला. खांदा पाहतात, खूर पाहतात, चालवून पाहतात. उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरतो, मग इसार दिला जातो. या सगळ्यात बैल दिसायला किती देखणा, हा प्रश्न शेवटी येतो. आधी पाहायचं ते हे की ज्येष्ठाच्या उन्हात आणि श्रावणाच्या चिखलात, वर्षाच्या सगळ्यात वाईट दिवशी, तो उभा राहील का. गेमिंग लॅपटॉपची जाहिरात नेमकी उलट बाजूने चालते. थंड खोलीत, भिंतीच्या विजेवर, नव्याकोऱ्या यंत्राने गाठलेला सर्वाधिक वेग ती दाखवते.

गोठ्यातली ही पारख यंत्रांना लागू पडते का, याचा पहिला पुरावा रेडिओने दिला. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. बाहेरून राज्यात येणाऱ्या मालावर करोडगिरी नावाची जकात भरावी लागे. व्हॉल्व्हचा रेडिओ ही तेव्हा वाड्यातली चीज होती, आणि खेड्यात वीजच नसल्याने ती तिथे चालणं कठीणच होतं. पुढे ट्रान्झिस्टर आला. व्हॉल्व्हच्या मोठ्या सेटचा भरदार आवाज त्याला नव्हता, पण तो सेलवर चालत होता, खांद्याला अडकवून शेतात नेता येत होता. आवाजाच्या स्पर्धेत हरलेलं यंत्र गावोगाव जिंकलं. ते घेतलं गेलं ते गाण्यांसाठी. १९५२ साली नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना आवर घातला, तेव्हा श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे गेले, आणि १९५७ साली सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. मात्र गाण्यांसाठी घरात आलेल्या त्याच पेटीतून हवामान, कीडनियंत्रण आणि बातम्याही ऐकल्या गेल्या. परभणीत १९७२ साली कृषी विद्यापीठ झालं, आकाशवाणीचं केंद्रही परभणीत आलं, तेव्हा विद्यापीठातलं ज्ञान शेतापर्यंत नेणारं यंत्र घराघरात आधीच होतं. दूरदर्शनचंही असंच. १९८७ साली ‘रामायण’ पाहण्यासाठी घेतलेल्या संचावर लोकांनी ‘आमची माती, आमची माणसं’ हा शेतीचा कार्यक्रमही पाहिला. करमणुकीने यंत्राला उंबऱ्याच्या आत आणलं आणि कामाने त्याला तिथे टिकवलं.

संगणक मात्र इथे उलट्या वाटेने आला. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ची. त्याच सुमारास एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि तालुक्याच्या गावातल्या बहुतेकांनी माउसला पहिला हात लावला तो त्या वर्गांतच. म्हणजे संगणक म्हणजे प्रमाणपत्र, नोकरी, काम. त्या दशकात मराठवाड्यात भारनियमन इतकं होतं की इन्व्हर्टरशिवाय संगणकाचा वर्ग चालवणं अवघड. खेळ नंतर आला, आणि तोही फोनवर. २०१६च्या सप्टेंबरात जिओचा स्वस्त डेटा आला, २०१८मध्ये फोनवर पब्जी आला आणि २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने त्यावर बंदी घालेपर्यंत त्याने गावं भारून टाकली. त्यामुळे आजच्या पालकांच्या मनात संगणक आणि खेळ ही दोन वेगळी, एकमेकांच्या विरोधातली खाती आहेत. गेमिंग लॅपटॉप ही दोन्ही खाती एकत्र करतो, म्हणून त्याच्याबद्दल घरात वाद होतो.

आता एक नेमकं यंत्र घेऊ. लेनोवोने २०२३ साली एलओक्यू ही मालिका आणली. तिच्यातला एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०५० चिपचा पंधरा इंची लॅपटॉप या वर्गाचा चांगला नमुना आहे. वजन सुमारे २.४ किलो, बॅटरी ६० वॅट-तासांची, ग्राफिक्सची स्मृती ६ जीबी. या यंत्राचे दात मोजायचे तर पहिली गोष्ट विजेची. खेळताना अशी यंत्रं भिंतीतून शंभर वॅटच्या वर सहज ओढतात. बॅटरीवर ती आपला वेग स्वतःच आवरतात, आणि तरीही ६० वॅट-तासांत खेळ तासाभराच्या आसपासच चालतो. लिहिणं-वाचणं, वर्ग, हिशोब यांना तीच बॅटरी काही तास पुरते. म्हणजे वीज गेली की दोनपैकी एकच काम उरतं. घरच्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, पण ते पंखे आणि दिवे यांच्यासाठी घेतलेले असतात. दुसरी गोष्ट उन्हाची. परभणीचा पारा एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. लॅपटॉपचा पंखा चिप थंड करतो तो खोलीतल्याच हवेने. चिपची मर्यादा शंभर अंशांच्या आसपास असते. खोलीतली हवा २५ अंशांवरून ४२ वर गेली की उष्णता बाहेर टाकायला उरलेली जागा जवळजवळ पाव हिश्शाने घटते, आणि यंत्र वेग कमी करून स्वतःला वाचवतं. जुन्या माळवदाच्या गार खोलीत ते निभावेल. पत्र्याखाली दुपारी खेळायला बसणाऱ्याने मात्र चाचण्यांतल्या वेगाची अपेक्षा धरू नये. काळ्या मातीची धूळ पंख्यात बसते, म्हणून वर्षातून एकदा तरी तो उघडून साफ करावा लागतो. ते कोण करणार आणि अधिकृत सेवा केंद्र किती लांब आहे, हे इसार देण्याआधी विचारायचे प्रश्न आहेत.

यावर पहिला आक्षेप असा की बैल आणि चिप यांची तुलनाच चुकीची. बैल आठ-दहा वर्षं राबतो, चिप तीन-चार वर्षांत जुनी होते. आक्षेपात तथ्य आहे, आणि यंत्राचं म्हातारपण वेगळ्या प्रकारचं असतं हेही खरं. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा लाखो धडधाकट संगणक एका तारखेने जुळलेले ठरले. पण म्हणूनच वयाची पारख अधिक लागते. आरटीएक्स ५०५० ही पुढची पिढी २०२५मध्ये ८ जीबी स्मृतीसह आली आहे. ४०५०वाला लॅपटॉप आता चार दाती समजावा आणि भावही तसाच करावा. त्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट म्हणजे रॅम आणि साठवण वाढवायला या यंत्रात जागा आहेत. ज्या लॅपटॉपची रॅम मदरबोर्डवरच पक्की केलेली असते, तो घेतला त्या दिवशी जितका होता तितकाच शेवटपर्यंत राहतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. रेडिओ ऐकताना हात मोकळे राहायचे, निंदणी चालू असायची. खेळ माणसाला पूर्ण गिळतो. हे मान्य केलं पाहिजे, आणि पैशांवरच्या ऑनलाइन खेळांनी घरं पोखरली, म्हणून २०२५मध्ये संसदेला त्यांच्यावर बंदीचा कायदा करावा लागला, हेही विसरता येणार नाही. तरी खेळाची हौस लॅपटॉप न घेतल्याने थांबत नाही, ती फोनवर आधीच चालू आहे, आणि फोनवर तिच्या बरोबरीने दुसरं काम उगवत नाही. खेळासाठी घडवलेल्या चिपचा इतिहास मात्र या बाबतीत थक्क करणारा आहे. २००७ साली एनव्हिडियाने कुडा ही प्रणाली आणून ती सर्वसाधारण गणितासाठी मोकळी केली. २०१२ साली टोरांटो विद्यापीठातल्या तिघा संशोधकांनी चित्रं ओळखणारी त्यांची अ‍ॅलेक्सनेट प्रणाली शिकवली ती बाजारात मिळणाऱ्या दोन जीटीएक्स ५८० गेमिंग कार्डांवर, आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट तिथून उसळली. त्रिमितीय आराखडे, व्हिडिओ संपादन, यंत्रशिक्षणाचे प्रयोग हे सगळं त्याच चिपवर चालतं. दूध आणि ओढ एकाच जातीत असावी, तसं हे आहे.

तेव्हा निर्णय त्या घरात दुसरं काम आहे की नाही यावर ठरतो. यंत्र, स्थापत्य, संगणक अभियांत्रिकी किंवा व्हिडिओचं काम शिकणाऱ्या मुलासाठी हा एलओक्यू घ्यावा, १६ जीबी रॅमसह घ्यावा आणि नव्या पिढीच्या भावाने घेऊ नये. वाणिज्य, कला किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी त्याचं ओझं आणि त्याची किंमत दोन्ही वाया जातात. तिथे दीड किलोच्या आतला साधा लॅपटॉप घ्यावा आणि वाचलेले पैसे फीसाठी ठेवावेत. आणि ज्याला घरीच बसून फक्त खेळायचं आहे, त्याच्यासाठी त्याच पैशांत डेस्कटॉप अधिक ताकदीचा मिळतो, तो उघडून दुरुस्तही सोपा होतो. घेणाऱ्यांना एकच विनंती आहे: यंत्र शक्य असेल तर मे महिन्यात, दुपारी, अर्धा तास चालवून पाहा आणि मगच पैसे मोजा.