अल्लादिनचा लाल दिवा

गाडीची किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर एक छोटा लाल दिवा लागतो. तेलाची झारी आणि तिच्या तोंडाशी एक थेंब. आमच्या घरातल्या बच्चेकंपनीच्या मते तो अल्लादिनचा दिवा! इंजिन सुरू झालं की क्षणात विझतो आणि आपण त्याला विसरून जातो. चालत्या गाडीत तो लागून राहिला तर काय करायचं हे सोपं आहे. गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. पण तो मध्येच लुकलुकला आणि विझला तर? या साध्या प्रश्नामागे बराच मोठा इतिहास आहे मंडळी, आणि त्याचा एक धागा आमच्या कोल्हापुरातून जातो.

आमच्याकडे इंजिन आलं ते आधी शेतात. पंचगंगेचं पाणी उपसायला आणि गुऱ्हाळावर ऊस गाळायला. रस्टन, लिस्टर, पीटर अशी विलायती नावं त्या काळी खेड्यापाड्यांत तोंडपाठ होती. इंजिन बिघडलं की सुटा भाग बोटीने येणार कधी आणि तोवर ऊस थांबणार कसा? मग इथल्या मेस्त्री लोकांनी तो भाग इथेच घडवायला सुरुवात केली. पुढे इंजिनंही घडवली. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं त्यातलीच. शिवाजी उद्यमनगर वाढलं ते या दुरुस्तीच्या पोटातून. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत गाड्यांच्या इंजिनांचं ओतकाम होतं, त्याची मुळं इथे आहेत.

त्या जुन्या आडव्या इंजिनांवर काचेचा तेलकप असायचा. त्यातून तेल थेंब थेंब आत पडताना दिसे. थेंब पडतोय तोवर इंजिन सुखरूप. म्हणजे तेलाची खबर देणारं यंत्र कुठलं, तर समोर बसलेल्या माणसाचे डोळे!

मोटारींचीही सुरुवात अशीच साधी झाली. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या आसपास खपलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीला ऑइल पंपच नव्हता. फिरणारे भाग तेल उडवायचे, त्यावर काम भागे. तेल किती उरलंय ते बघायला गाडीखाली वाकून एक छोटा नळ उघडायचा.

पुढे इंजिनं वेगवान झाली आणि नुसतं उडणारं तेल पुरेना. मग पंपाने दाब देऊन तेल बेअरिंगपर्यंत पोचवायची पद्धत रूढ झाली. क्रँकशाफ्ट खरं तर धातूवर फिरतच नाही, तेलाच्या केसाहून पातळ थरावर तरंगतो. दाब गेला की थर गेला, आणि थर गेला की काही मिनिटांत इंजिनाचा निकाल. म्हणून डॅशबोर्डवर दाबाचा काटा आला. त्यामागची युक्ती मोटारीहून जुनी आहे. १८४९ साली बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसाने तिचं पेटंट घेतलं होतं. वाकवलेली चपटी नळी, आत दाब वाढला की सरळ व्हायला बघते आणि काटा ढकलते. बस्स.

१९३०च्या दशकात अमेरिकेतल्या हडसन कंपनीने काट्याऐवजी दिवा बसवला. (आपण दसऱ्याच्या मिरवणुकीत बघतो ती छत्रपतींची मेबॅकही त्याच दशकातली.) दिवा स्वस्त, आणि चालवणाऱ्याला काही कळायची गरज नाही. म्हणून अमेरिकेत त्याला चेष्टेने 'मूर्खांचा दिवा' असंही म्हणू लागले. आपल्याकडे डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि घरोघरची माणसं स्वतः गाडी चालवू लागली. त्यांच्या भरवशाला हाच दिवा.

काटा 'किती' ते सांगतो. दिवा फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगतो. त्याच्या मागे इंजिनावर बसवलेला एक छोटा स्विच असतो. आत पातळ पडदा आणि स्प्रिंग. दाब साधारण अर्ध्या किलोच्या खाली गेला की स्विच वायरला बॉडीशी जोडतो आणि दिवा लागतो. आता हीच वायर कुठे घासून बॉडीला टेकली, तरी दिवा लागणारच! दिव्याच्या लेखी दोन्ही गोष्टी सारख्याच.

आमच्या बाबांच्या मारुतीचं नेमकं हेच झालं. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना वळणांवर दिवा लुकलुकायला लागला. बाबांनी तिथेच गाडी थांबवली, डिपस्टिक काढून पाहिली. तेल पूर्ण होतं. (तेल कमी असेल तर वळणावर ते एका बाजूला जातं, पंपाला हवा लागते आणि दिवा लुकलुकतो. म्हणून डिपस्टिक पहिली.) कोल्हापुरात एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून लगेच सांगितलं, "इंजिन कामाला आलंय, उतरवायला लागंल." बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. तो खर्च म्हणजे गाडी विकायचीच वेळ.

मग उद्यमनगरातले एक म्हातारे मेस्त्री भेटले. त्यांनी आधी विचारलं, "दिवा कवा लागतोय? गरम झाल्यावर, गाडी हुबी असताना? रेस दिली की जातोय का?"

"नाही मेस्त्री, रेस दिली तरी लागतो. वळणावर आणि खड्ड्यात जास्त."

"मग इंजिनाला हात लावायचा न्हाई."

प्रश्नातच अर्धं निदान होतं. बेअरिंग झिजलं किंवा पंप थकला, तर गरम होऊन पातळ झालेलं तेल आधी आयडलिंगला हरतं आणि रेस दिली की दिवा विझतो. खड्ड्याशी त्याचा संबंध नाही. पण मेस्त्री अंदाजावर थांबले नाहीत. त्यांनी स्विच काढला आणि त्या जागी काट्याचा जुना गेज पिळून बसवला. इंजिन चांगलं गरम होऊ दिलं. आयडलिंगला दीड किलो, रेस दिल्यावर तीनच्या वर. दाब ठणठणीत! मग स्विचपासून सुटी केलेली वायर हलवली, तर दिवा लागला. एका क्लँपपाशी तिचं वरचं आवरण घासून गेलं होतं. वळणावर इंजिन जरासं हललं की ती तांब्यानिशी धातूला टेकायची. इंजिन उतरवायचा खर्च वाचला, थोड्या चिकटपट्टीवर काम झालं. गाडी पुढे कितीतरी वर्षं घरात राहिली.

मला या सगळ्यात मौज वाटते ती एवढीच, की दिव्याने शंका निर्माण केली आणि ती फेडायला १८४९चा काटाच लागला. आताच्या गाड्यांत दिव्यांची संख्या भरपूर वाढली आहे, कॉम्प्युटर कोडही देतो. पण कोडही शेवटी तक्रारच सांगतो, कारण शोधावंच लागतं. थेंब मोजणाऱ्या माणसांच्या गावात ते शोधणारे हात अजून आहेत, हे आपलं नशीब. दिवा लागला तर इंजिन जरूर बंद करा, पण ते खोलायच्या आधी कुणाला तरी दाब मोजायला सांगा.