अरबी ओरिक्स : कुंपणाने तारलेला, कुंपणासाठी पळवलेला

मस्कतहून सलालाकडे जाणाऱ्या हजार किलोमीटरच्या रस्त्यावर ‘अल महा’ या नावाचे पेट्रोल पंप लागतात. ओमानमध्ये वर्षानुवर्षे राहिलेल्या मराठी माणसालाही ‘महा’ म्हणजे काय, हे पुष्कळदा ठाऊक नसते. अरबी काव्यात सुंदर डोळ्यांच्या स्त्रीला ज्याची उपमा देतात, मुलींची नावे ज्यावरून ठेवतात, तो हा प्राणी म्हणजे अरबी ओरिक्स. शुभ्र अंग, काळपट पाय, चेहऱ्यावर काळे पट्टे आणि जवळजवळ सरळ, लांब शिंगांची जोडी. बाजूने पाहिल्यास दोन शिंगांचे एकच दिसते, आणि एकशिंगी घोड्याची दंतकथा यावरूनच निघाली असावी असे मानणारे अनेक आहेत. शिंगे नर आणि मादी दोघांनाही असतात. खांद्याशी उंची जेमतेम एक मीटर, वजन सत्तर किलोंच्या आसपास. आपल्याकडच्या काळविटाप्रमाणे हाही कुरंगवर्गातला प्राणी.

प्राणिसंग्रहालयात जतन करून, वाढवून पुन्हा रानात सोडलेल्या प्राण्यांची चर्चा जगात कोठेही निघाली तरी ओमानच्या ओरिक्सचे नाव पहिल्या काही वाक्यांत येते. ते बहुधा यशोगाथा म्हणून येते. ही कथा त्याहून गुंतागुंतीची आहे.

नऊ प्राण्यांचा कळप

एके काळी सिरिया-इराकपासून येमेनपर्यंत आढळणारा ओरिक्स मोटार आणि स्वयंचलित बंदूक वाळवंटात पोहोचल्यावर झपाट्याने संपला. उंटावरून जाणाऱ्या बदाऊनी शिकाऱ्याला एक ओरिक्स मिळवण्यासाठी दिवसच्या दिवस माग काढावा लागे. मोटारींतून आलेल्या टोळ्या एका फेरीत अख्खा कळप टिपू लागल्या. १९६० च्या सुमारास जे थोडे उरले ते आजच्या येमेनच्या पूर्व भागात आणि ओमानच्या मध्यभागी.

लंडनच्या ‘फॉना प्रिझर्व्हेशन सोसायटी’ने १९६२ मध्ये केनियाचे मुख्य वन्यजीव रक्षक मेजर इयन ग्रिमवुड यांच्या नेतृत्वाखाली एक मोहीम तत्कालीन एडन संरक्षित प्रदेशात पाठवली. हेतू एकच होता : निसर्गातून हा प्राणी नाहीसा होण्यापूर्वी काही नर-माद्या पकडून सुरक्षित जागी हलवणे. चार ओरिक्स हाती लागले, त्यांतला एक नर दगावला. उरले दोन नर आणि एक मादी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने एक मादी दिली, कुवेतहून एक मादी आली आणि सौदी अरेबियाचे राजे सौद यांच्या संग्रहातून चार प्राणी मिळाले. या नऊ जणांचा ‘जागतिक कळप’ अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र आणला गेला. हवा कोरडी आणि उष्ण, म्हणून फिनिक्स. १९६३ च्या ऑक्टोबरमध्ये तेथे पहिले पाडस जन्मले. पुढे लॉस एंजलिस आणि सॅन दिएगो येथेही कळप उभे राहिले.

इकडे ओमानमध्ये १९७२ च्या ऑक्टोबरात जिद्दत अल हरासीसच्या माळावर शेवटच्या ज्ञात रानटी ओरिक्सांची शिकार झाली. त्या दिवसापासून जवळजवळ दहा वर्षे ओरिक्स जगात होता तो केवळ कुंपणाआड.

हत्तीला जे जमत नाही

बंदिस्त प्रजनन हा शब्द ऐकायला सोपा वाटतो. आफ्रिकी हत्तीचे उदाहरण घेतले म्हणजे त्यातली अडचण कळते. हत्तिणीचा गर्भकाळ सुमारे बावीस महिने, दोन पिलांमध्ये चार-पाच वर्षांचे अंतर. प्राणिसंग्रहालयांतील अनेक आफ्रिकी हत्तिणींचे ऋतुचक्रच बंद पडलेले आढळते. वयात आलेला नर मदावर आला की त्याला वेगळे, भक्कम आवार लागते, म्हणून पुष्कळ संस्था नर ठेवतच नाहीत. कृत्रिम गर्भधारणेचे तंत्र गेल्या पंचवीस वर्षांत विकसित झाले, तरी जन्माचे प्रमाण मृत्यूच्या प्रमाणाला गाठताना दमछाक होते. मग रानातून नवे हत्ती आणण्याचा मोह होतो. २०१६ मध्ये स्वाझिलँडमधून सतरा हत्ती अमेरिकेतील तीन प्राणिसंग्रहालयांत विमानाने नेण्यात आले तेव्हा मोठा वाद झाला, आणि २०१९ मध्ये जिनिव्हा येथे वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेने रानातून पकडलेल्या आफ्रिकी हत्तींच्या निर्यातीवर कडक बंधने घातली. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातील शंकर हा झिंबाब्वेहून भेट आलेला आफ्रिकी हत्ती जोडीदारीण गेल्यावर वीसेक वर्षे स्वजातीयाविना राहिला आणि २०२५ च्या सप्टेंबरात मरण पावला. कळपाने राहणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत एकट्याला नुसते खाऊपिऊ घालणे याला व्यवस्थापन म्हणता येत नाही.

ओरिक्सचे गणित उलट आहे. गर्भकाळ साडेआठ-नऊ महिने. पाडस झाल्यावर मादी लवकरच पुन्हा गाभण राहू शकते. खाणे साधे, रोगांना तोंड देण्याची ताकद बरी. त्रास दोनच. प्रौढ नर एकमेकांना शिंगांनी भोसकतात, म्हणून एका कळपात एकच कर्ता नर ठेवून बाकीच्यांना निराळे ठेवावे लागते. वाहतुकीच्या वेळी शिंगांच्या टोकांना नळीचे तुकडे चढवतात ते याच भीतीने. दुसरा त्रास अधिक खोल आहे, तो म्हणजे रक्तसंबंधाचा. नऊ पूर्वजांपासून वाढलेल्या वंशात कोणाचा कोणाशी संकर करायचा याची वंशनोंदवही काटेकोर ठेवली नाही तर काही पिढ्यांतच पाडसे अशक्त निपजू लागतात.

याविषयी ओमानमध्येच एक चमत्कारिक निष्कर्ष निघाला. मार्शल आणि स्पाल्टन या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की, माळावर जन्मलेल्या पाडसांच्या जगण्यावर जवळच्या नात्यातील संकराचा दुष्परिणाम होता, तसाच फार दूरच्या वंशांच्या संकराचाही. म्हणजे ‘नवे रक्त आणा की झाले’ हा सोपा उपायही बिनधोक नाही. सगोत्र विवाह निषिद्ध मानणाऱ्या आपल्या समाजाला या निष्कर्षाचा पहिला भाग पटेल, दुसरा खटकेल.

यालूनीचे दिवस

सुलतान काबूस यांच्या पुढाकाराने ओरिक्स मायदेशी आणण्याची योजना सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आकाराला आली. जागा ठरली ती जिद्दत अल हरासीसमधील यालूनी. हा खडकाळ, सपाट, बाभळीच्या जातीची विरळ झाडे असलेला माळ आहे. वर्षभराचा पाऊस पन्नास मिलिमीटरही नाही, कधी कधी वर्षानुवर्षे थेंबही नाही. तरीही ओरिक्स येथे जगतो याचे कारण अरबी समुद्रावरून येणारे धुके. पहाटे ते गवतावर, झाडांवर दवाच्या रूपाने उतरते; तो ओलावा आणि वनस्पतींतील पाणी एवढ्यावर हा प्राणी महिनोन्महिने पाणी न पिता राहू शकतो. भर दुपारी तो झाडाखाली खुरांनी माती उकरून त्या खळग्यात बसून राहतो.

१९८० मध्ये सॅन दिएगोहून पहिले ओरिक्स आले. त्यांना लगेच सोडून दिले नाही, आणि या योजनेतले सर्वांत मोलाचे शहाणपण यातच आहे. आधी लहान आवारात, मग एक चौरस किलोमीटरच्या कुंपणात ठेवून त्यांचा कळप ‘घडू’ दिला : कोण पुढे चालणार, कोण कोणाला दबणार, हे ठरेपर्यंत वाट पाहिली. अफाट माळावर एकटा पडलेला ओरिक्स पुन्हा सोबती शोधूच शकणार नाही. एकमेकांशी बांधलेला कळप मात्र मिळून चारा धुंडाळतो. प्रकल्पाचे काम पाहणारे जीवशास्त्रज्ञ मार्क स्टॅन्ली प्राइस यांनी याची तपशीलवार हकीकत पुढे ग्रंथरूपाने लिहिली. ३१ जानेवारी १९८२ रोजी दहा ओरिक्सांच्या कळपासाठी कुंपण उघडले. १९८४ मध्ये दुसरा कळप बाहेर पडला.

राखणीचे काम हरासीस या स्थानिक जमातीच्या लोकांना देण्यात आले. शेळ्या-उंटांवर जगणारे हे लोक अरबीहून निराळी अशी हरसूसी भाषा बोलतात. त्यांच्यातील वडीलधाऱ्यांनी १९७२ पूर्वीचे ओरिक्स पाहिले होते. प्रत्येक प्राणी त्यांना ओळखू येई, कोण कोणाचे पाडस हे तोंडपाठ असे. अमेरिकेत जन्मलेल्या जनावरांना रानात रुळवण्याचे श्रेय प्राणिसंग्रहालयांच्या बरोबरीने या लोकांना द्यायला हवे. ते फारसे दिले जात नाही.

१९९४ मध्ये ‘अरबी ओरिक्स अभयारण्य’ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. १९९५ च्या ऑक्टोबरपर्यंत माळावर सुमारे २८० ओरिक्स होते, पुढच्या वर्षभरात ते चारशेवर गेले.

माद्या कोठे गेल्या?

१९९६ च्या फेब्रुवारीत चोरट्या शिकारीला पुन्हा सुरुवात झाली. पण या वेळचा शिकारी मांसासाठी वा शिंगांसाठी आला नव्हता. त्याला ओरिक्स जिवंत हवा होता, देशाबाहेरच्या खासगी संग्रहांना विकण्यासाठी. असे संग्रह बाळगणे हे या भागात प्रतिष्ठेचे लक्षण झाले होते, आणि संग्रह वाढवायचा तर मादी हवी. मोटारीने पाठलाग करून दमवलेले, बांधलेले कित्येक प्राणी वाटेतच मरत.

आकडे बोलके आहेत. १९९८ च्या सप्टेंबरात माळावर १३८ ओरिक्स उरले, त्यांत माद्या अवघ्या २८. तेव्हा उरलेल्यांपैकी काही पकडून यालूनीच्या कुंपणात परत आणले गेले. १९९९ च्या जानेवारीत चोर पुन्हा आले. महिनाअखेरीस रानात सुमारे ८५ नर होते आणि माद्या होत्या अकरा.

म्हणजे ज्या बंदिस्त पैदाशीने ओरिक्स वाचवला, तिच्याच खासगी बाजाराने त्याला रानातून पुन्हा उचलले. कुंपणानेच शेत खाल्ले असे आपण म्हणतो, ते येथे अक्षरशः घडले. प्राणिसंग्रहालयांची बाजू मांडणाऱ्या लेखनात हा भाग एका ओळीत उरकला जातो, आणि विरोधकांच्या लेखनात फिनिक्सचे नऊ प्राणी विसरले जातात.

पुढचा आघात कागदावरचा होता. ओमान सरकारने अभयारण्याचे क्षेत्र सुमारे नव्वद टक्क्यांनी कमी करण्याचा निर्णय घेतला. तेलशोधाची योजनाही त्याच भागात होती. तेव्हा ओरिक्सांची संख्या ६५ वर आली होती आणि प्रजननक्षम जोड्या जेमतेम चार होत्या. २००७ च्या जूनमध्ये न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे भरलेल्या बैठकीत युनेस्कोच्या समितीने हे स्थळ वारसा यादीतून काढून टाकले. यादीतून वगळले गेलेले जगातील हे पहिले स्थळ.

शेजारी आणि आपण

सौदी अरेबियाने १९९० पासून महाजत अस सैद या कुंपणबंद राखीव क्षेत्रात ओरिक्स सोडले. तेथे चोरांचा त्रास नव्हता. दुष्काळात मात्र चाऱ्याच्या शोधात निघालेले शेकडो प्राणी कुंपणापाशी अडून मेले. त्याच देशातील उरूक बनी मारिद येथे कुंपणाविना कळप सोडला गेला आणि ते स्थळ २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. जॉर्डन, इस्रायल, अमिरात येथेही प्रयत्न झाले. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने ओरिक्सला ‘संकटग्रस्त’ गटातून वर काढून ‘असुरक्षित’ गटात ठेवले. एकदा रानातून नामशेष झालेली जात इतकी वर येण्याची ही पहिली वेळ. त्या सुमारास रानात हजारेक ओरिक्स होते, बंदिस्त सहा-सात हजार. ही तफावत लक्षात ठेवावी अशी आहे.

ओमानमध्ये मस्कतच्या पश्चिमेला बैत अल बरका येथे राजघराण्याच्या कारभाराखाली सस्तन प्राण्यांचे प्रजनन केंद्र चालते. ओरिक्सबरोबर अरबी बिबट्याचीही पैदास तेथे १९८५ पासून केली जाते. जबल समहानच्या डोंगरात पकडलेले बिबटे हे तिचे मूळ.

मराठी वाचकाला हे सारे परदेशातले वाटू नये म्हणून माळढोकाची आठवण देतो. सोलापूरजवळ नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले ते सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे; पुढे ते सव्वा बाराशेच्या आसपास आणले गेले. एवढे अफाट क्षेत्र, त्यात गावे, शेते, कारखाने, हे कागदावरच राहणार होते हे खरे. पण आज नान्नजला माळढोक दिसणे हीच बातमी होते. राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यातील सम आणि रामदेवरा येथे माळढोकाचे बंदिस्त प्रजनन सुरू आहे, आणि २०२४ मध्ये कृत्रिम गर्भधारणेतून पहिले पिल्लूही जन्मले. ती पिल्ले उद्या मोठी होतील. सोलापूरच्या माळावर त्यांच्यासाठी सलग गवताळ जमीन किती उरली असेल आणि तिच्यावरून विजेच्या किती तारा गेलेल्या असतील, याचा हिशेब आजच मांडायला हवा. यालूनीत कुंपण उघडण्यापूर्वी माळाचा अभ्यास काही वर्षे चालला होता.

ओमानच्या राखीव क्षेत्राचे नाव आता अल वुस्ता वन्यजीव अभयारण्य असे आहे आणि कुंपणातील ओरिक्सांची संख्या पुन्हा शेकड्यांत गेली आहे. जाण्यासाठी पर्यावरण प्राधिकरणाची परवानगी लागते. हैमा हे मस्कतपासून पाचशे किलोमीटरवरचे गाव मुक्कामाला सोयीचे. तेथून पुढे चारही चाकांना गती असलेले वाहन हवे. ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा. पहाटे लवकर निघावे. धुके उतरलेले असेल तर कळप जाळीच्या अगदी जवळ चरत असतो.