पडायला जागा हवी

मोटरसायकलवर बसून हवेत उलटी कोलांटी पहिल्यांदा कुणी मारली, यावर फ्रीस्टाइल मोटोक्रॉसवाले आजही तावातावाने भांडतात. कुणी कॅरी हार्टचं नाव घेतं, कुणी केलेब वायटचं, तर जुनी माणसं होसे यान्येझपर्यंत मागे जातात. पंचाईत अशी की प्रत्येक नावापुढे एक 'पण' चिकटलेला आहे. एकाची गाडी छोटी होती. एक चाकांवर उतरला, पण सीटवर टिकला नाही. एकाने स्वच्छ केली, पण स्पर्धेत नाही. या वादात मला फारसा रस नाही. या उलट्या कोलांटीचं, म्हणजे बॅकफ्लिपचं, कूळ शोधायचं तर उडणारा कोण होता यापेक्षा तो पडत कशात होता, ते आधी बघावं. रॅम्प होते, गाड्या होत्या, जिवावर उदार झालेली पोरं तर प्रत्येक काळात असतातच. चुकलं तरी पाच मिनिटांनी उठून पुन्हा करून बघता येईल, अशी जागा तेवढी नव्हती.

मोटोक्रॉस मूळचा इंग्लंडचा. १९२४ साली सरे परगण्यात कँबर्लीला खाचखळग्यांतून झालेली 'स्क्रॅम्बल' ही या खेळाची पहिली शर्यत मानतात. शर्यतीत उडी ही नाइलाजाची गोष्ट असते. चाक हवेत असतं तोवर गाडीला जोर मिळत नाही, म्हणून चांगला शर्यतपटू उडी शक्य तितकी बुटकी ठेवतो. हे उलटं झालं कॅलिफोर्नियात. बीएमएक्स सायकलींवर वाढलेला जेरेमी मॅकग्रा १९९० च्या दशकात सुपरक्रॉसच्या, म्हणजे स्टेडियममधल्या मोटोक्रॉसच्या, शर्यती जिंकत होता, आणि जिंकता जिंकता उडीत एक पाय मागच्या मडगार्डवरून पलीकडे काढून परत आणायचा. या चाळ्याला 'नॅक-नॅक' म्हणत. लोक शर्यत विसरून त्याचीच वाट बघू लागले. १९९५ मध्ये 'क्रस्टी डीमन्स ऑफ डर्ट' हा व्हिडिओ आला. त्यात शर्यत जवळपास नव्हतीच. वाळूच्या टेकड्या आणि उड्या, बस्स. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोला एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत फ्रीस्टाइलला, म्हणजे शर्यतीऐवजी हवेतल्या करामतींना गुण देणाऱ्या प्रकाराला, पहिल्यांदा जागा मिळाली. ट्रॅव्हिस पास्त्राना नावाच्या पंधरा वर्षांच्या पोराने १०० पैकी ९९ गुण घेऊन सुवर्णपदक मारलं, आणि त्या आनंदात गाडीसकट खाडीत उडी टाकली. आयोजक भडकले, प्रेक्षक खूश झाले.

तोवरच्या सगळ्या करामतींमध्ये एक गोष्ट समान होती. गाडी सरळ उडायची आणि माणूस तिच्यावर खेळायचा. 'सुपरमॅन'मध्ये हात हँडलवर आणि बाकी सगळा देह मागे लांबवलेला. 'हील क्लिकर'मध्ये दोन्ही पाय हातांवरून पुढे काढून टाचा एकमेकींवर आपटायच्या. शिकायच्या दृष्टीने या करामती सोयीच्या होत्या. आज पाय फूटरेस्टवरून चार बोटं उचलायचा, उद्या वीतभर, आठवड्याने पूर्ण बाहेर. मध्येच धीर सुटला तर परत सीटवर बसायचं. कोलांटीला अशी हप्त्याहप्त्याची सवलत नाही. अर्धी कोलांटी म्हणजे डोक्यावर पडणं, वर शंभरेक किलोची गाडी.

कॅरी हार्टने हे ठाऊक असूनच २००० साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या ग्रॅव्हिटी गेम्स या तशाच स्पर्धेत अडीचशे सीसीची गाडी उलटी फिरवली. खाली माती होती. गाडी फिरली आणि चाकांवर आदळली, पण त्या दणक्याने हार्ट सीटवरून उडाला. ती कोलांटी धरायची की नाही, यावर तेव्हापासून दोन तट आहेत. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात, एक्स गेम्समध्ये, त्याने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी हवेतच काहीतरी बिनसलं. त्याने गाडी सोडून दिली, उंचावरून तो जमिनीवर आला आणि हाडं मोडून घेतली. एक वर्ष, एक प्रयत्न, मग इस्पितळ. या वेगाने कुठलीही विद्या शिकून होत नाही.

आता जरा बाजूला जाऊ. १९६० च्या दशकापर्यंत उंच उडी मारणारे वाळूत किंवा लाकडाच्या भुशात पडत, त्यामुळे पायांवर उतरणं भाग होतं. त्याच सुमारास अमेरिकेत मैदानांवर फोमच्या जाड गाद्या येऊ लागल्या. ऑरेगन राज्यातल्या मेडफर्डच्या शाळेत शिकणारा डिक फॉस्बरी नावाचा उंच, हडकुळा मुलगा आडव्या दांडीवरून पाठ खाली करून जायला लागला. भुशात पाठीवर पडायची सोय नव्हती, फोमवर होती. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये याच पद्धतीने २.२४ मीटर उडी मारून त्याने सुवर्णपदक नेलं, आणि बघता बघता सगळं जग पाठीवर पडू लागलं.

१९७० च्या दशकात जिम्नॅस्टिक्सवाल्यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी अखंड गादीऐवजी खड्डा केला आणि त्यात फोमचे सुटे ठोकळे भरले. गादी अंगाला परत उसळी देते. सुटे ठोकळे अंग पोटात घेतात. पेनसिल्व्हेनियातल्या वुडवर्ड या गावी १९७० मध्ये जिम्नॅस्टिक्सचं निवासी शिबिर सुरू झालं होतं. १९८२ पासून तिथे बीएमएक्स सायकलवाल्या मुलांनाही घेऊ लागले. एकाच आवारात एकीकडे कोलांट्या शिकणाऱ्या मुली, दुसरीकडे सायकली घेऊन आलेली मुलं. पुढचं कुणी सांगायला नको. फोमच्या हौदात माणसापाठोपाठ सायकल पडू लागली. यान्येझने सायकलवरची बॅकफ्लिप १९८४ मध्ये केली आणि पुढे छोट्या मोटरसायकलवरही केली. मोठी गाडी मात्र दूरच राहिली. सायकलवाली पोरं तळ्याकाठी रॅम्प लावून पाण्यातही पडत, पण इंजिनाच्या पोटात पाणी गेलं की त्या दिवसाचा सराव तिथेच संपतो. मोठ्या गाडीला फोमच हवा होता, आणि तोही ट्रकांनी.

आपल्याकडे तालमीच्या हौद्यात लाल माती चाळून, तिच्यात ताक, तेल, हळद कालवून ती मऊ राखतात. पैलवान तिथे दिवसाला पन्नास वेळा आपटला तरी दुसऱ्या दिवशी हजर. मोटोक्रॉसच्या फोमच्या हौदाचं काम तेच. फरक इतकाच की इथे पैलवानासोबत तापलेलं इंजिन पडतं. खोल खड्डा किंवा लाकडी पेटारा, त्यात साधारण वीतभर बाजूचे हजारो ठोकळे, समोर लोखंडी रॅम्प आणि बाजूला क्रेन. पोरगा रॅम्पवर चढतो, उलटा होतो आणि ठोकळ्यांत गडप होतो. हवेतला वेळ दोनेक सेकंदांचा, पण गाडी बाहेर काढायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. आधी इंजिन बंद करायचं. मग स्वतः गाडीखालून निसटायचं, आणि फोममध्ये पाय रोवायला काही नसल्यामुळे हे वाटतं तितकं सोपं नसतं. मग कुणीतरी पोहल्यासारखं आत जाऊन पट्टा अडकवतो आणि क्रेन गाडी उचलते. चेनमध्ये अडकलेला फोमचा चुरा वेचावा लागतो. सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे सायलेन्सर. तापलेल्या नळीला फोम चिकटला आणि वरून पेट्रोल सांडलं, तर हौदच पेट घेतो. असे हौद जळालेलेही आहेत. म्हणून काठावर आग विझवायचं नळकांडं आणि ते चालवता येणारा एक माणूस लागतोच.

या हौदात शिकायचं काय? कोलांटीचा बराचसा निकाल रॅम्पच्या कडेवरच लागतो. रॅम्पची कमान गाडीचं नाक वर फेकते, त्याच क्षणी हँडल छातीकडे ओढायचं आणि मान मागे टाकायची. मान मागे जायला तयार नसते. वर्षानुवर्षं तिला समोर बघायची सवय असते, आणि बहुतेकांची पहिली कोलांटी तिथेच बिघडते. जमीन सुटल्यावर ढकलायला काही उरत नाही, तरी दोन युक्त्या हातात असतात. रेस दिली की मागचं चाक जोरात फिरतं आणि त्याची उलट बाजू म्हणून गाडीचं नाक वर जातं, म्हणजे गिरकी वाढते. मागचा ब्रेक दाबला की नाक खाली येतं आणि गिरकी मंदावते; त्या वेळी क्लच दाबून ठेवायचा, नाहीतर इंजिन बंद पडतं. हे वाचून समजतं, पण अंगात भिनायला शंभर कोलांट्या लागतात. हार्टला भर स्पर्धेत दोन मिळाल्या होत्या.

मग २००२ उजाडलं आणि सगळं एकदम झालं. २५ एप्रिलला केलेब वायटने मोठ्या गाडीवर कोलांटी मारली आणि तो बसल्या जागी बसून राहिला. जागा होती ऑरेगनमधल्या रोग व्हॅलीचा ट्रॅक, म्हणजे फॉस्बरीचा मेडफर्ड परिसर. योगायोगच म्हणायचा, पण कुळकथा लिहिणाऱ्याने असा योगायोग सोडला तर तो करंटा. ऑगस्टमध्ये एक्स गेम्सला माइक मेट्झगरने एकापाठोपाठ दोन रॅम्पवर दोन कोलांट्या मारून सुवर्णपदक घेतलं. दोन वर्षांपूर्वी जी अशक्य होती, ती पुढच्या दोन वर्षांत पदकासाठी सक्तीची झाली. कोलांटीत हात सोडायचे, पाय सोडायचे, सुपरमॅन करायचा. कॅनडाच्या जोलीन व्हॅन व्हग्टने तीच मोठ्या गाडीवर करून दाखवली. बायकांमध्ये ती पहिली. मेट्झगरने मे २००६ मध्ये लास व्हेगासला सीझर्स पॅलेस हॉटेलची कारंजी कोलांटी मारत ओलांडली. १९६७ च्या शेवटच्या दिवशी मोटरसायकलवरून उड्या मारणारा इव्हल नीव्हल त्याच कारंज्यांवरून सरळ उडी मारताना भयानक जखमी झाला होता.

पास्त्रानाने तर मेरिलँडमधल्या घराच्या आवारातच फोमचा हौद केला. ४ ऑगस्ट २००६ ला लॉस एंजेलिसमध्ये त्याने एका उडीत दोन कोलांट्या पूर्ण केल्या तेव्हा प्रेक्षक थक्क झाले. त्यामागे परसातला सराव होता. २०१५ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉश शीहनने तीन कोलांट्या मारल्या, त्याही पास्त्रानाच्याच आवारात.

इथे हौदाची एक खोड सांगायला हवी. हौद फिरायला शिकवतो, उतरायला शिकवत नाही. फोममध्ये चाक थोडं वाकडं पडलं, गिरकी थोडी जास्त झाली, तरी सगळं माफ. मातीवर तीच चूक मनगट मोडते, नाहीतर त्याहून वाईट काही करते. शिवाय जिथे पडणं स्वस्त, तिथे हाव वाढते. आज एक कोलांटी आली की उद्या तिच्यात काहीतरी मिसळावंसं वाटतं. २००८ मध्ये एक्स गेम्सचं सुवर्णपदक घेतलेला जेरेमी लस्क २००९ च्या फेब्रुवारीत कोस्टा रिकातल्या स्पर्धेत कोलांटीतली अशीच एक मिश्र करामत करताना पडला आणि दगावला. तो चोवीस वर्षांचा होता.

फ्रान्सच्या टॉम पाजेसने वेगळीच वाट धरली. सगळे कोलांट्यांच्या मागे असताना याला कोलांटीच आवडेना, म्हणून त्याने माणूस आणि गाडी वेगवेगळे फिरवायचे प्रकार काढले. त्याच्या 'बाइक फ्लिप'मध्ये माणूस हवेत सरळ राहतो आणि गाडीच त्याच्या पुढ्यात एक पूर्ण गिरकी घेऊन परत त्याच्या खाली येते. गाडी हाताबाहेर गेली तर ती कुठे पडेल हे सांगता येत नाही, त्यामुळे असल्या कामाला चौकोनी हौद अपुरा पडतो.

म्हणून आता हवा भरलेल्या मोठ्या पिशव्या आल्या आहेत, उतरणीच्या आकाराच्या. अशा पिशवीवर चाकं टेकवून गाडी पुढे चालवत नेता येते, म्हणजे उतरायचाही सराव होतो. चुकलं तर पिशवी दबते आणि माणूस वाचतो. क्रेन लागत नाही, फोमचा चुरा वेचावा लागत नाही. गाडी उचलायची आणि पुन्हा रॅम्पकडे न्यायची. पूर्वी तासाला जेमतेम काही उड्या व्हायच्या, तिथे आता कितीतरी जास्त होतात.