उरलेली लोकर आणि शेटलंडची ‘हॅप’

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांची जाळीदार लोकरी शाल हस्तकलेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. मेंढीच्या मानेवरची मऊ लोकर हाताने उपटून, अतिशय बारीक कातून विणलेली ही शाल अंगठीतून आरपार ओढता येते. लेरविकजवळ जन्मलेले व पी. अँड ओ. ह्या आगबोट कंपनीचे एक संस्थापक आर्थर अँडरसन ह्यांनी १८३७ च्या सुमारास शेटलंडचे विणकाम व्हिक्टोरिया राणीस नजर केले. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनातही ते मांडले गेले होते.

ह्या कीर्तीच्या छायेत दुसरी एक शाल मात्र झाकली गेली. ती म्हणजे नित्याच्या वापरातील ‘हॅप’. स्कॉट बोलीत ह्या शब्दाचा अर्थ ‘पांघरणे, लपेटणे’ असा आहे. हॅपचा मधला चौकोन साध्या विणीचा असतो. सभोवतालच्या रुंद काठात जाळीची वीण असून, पांढरा, करडा, तपकिरी, काळा अशा मेंढीच्या नैसर्गिक रंगांचे पट्टे एकापुढे एक येतात. प्रत्येक पट्ट्यास लोकर थोडीच लागते. म्हणूनच एरवी निरुपयोगी ठरणारा उरलासुरला गुंडा येथे सहज उपयोगी पडतो.

ह्या काठाची प्रचलित वीण ‘ओल्ड शेल’ होय. तिच्या प्रत्येक चार ओळींपैकी एकीतच जाळी पडते. त्या ओळीत काही ठिकाणी दोन टाके एकत्र घेतले जातात, तर काही ठिकाणी सुईवर धागा नुसता घेऊन नवा टाका निर्माण केला जातो. जितके टाके घटतात तितकेच वाढतात. त्यामुळे रुंदी कायम राहते, पण पट्टा लाटेसारखा वळतो. चार ओळी पुऱ्या झाल्या की रंग बदलता येतो. हाताशी असलेली लोकर किती, ह्यावरून पट्ट्याची उंची ठरविणे ह्या रचनेत सुकर होते. जाळीमुळे थोड्या धाग्यात विस्तारही अधिक मिळतो.

ही काटकसर केवळ गृहिणीच्या सवयीची नव्हती. शेटलंडमधील विणकरणींना व्यापारी मोबदला रोख न देता चहा, कापड इत्यादी मालाच्या रूपाने देत. ह्या पद्धतीची चौकशी होऊन विल्यम गथ्री ह्यांचा अहवाल १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. विणकरणींच्या साक्षींतून एक विलक्षण गोष्ट उघड होते: विणलेल्या शालीच्या बदल्यात कापड मिळे, परंतु लोकरीचा धागा बहुधा रोखीनेच घ्यावा लागे. जिच्या हाती रोकड येतच नाही, तिला आपल्याच धंद्याचा कच्चा माल दुर्लभ व्हावा, ही त्या व्यवहारातील खरी मेख होती. अशा स्थितीत शिल्लक राहिलेल्या मूठभर लोकरीचे मोल निराळे सांगावयास नको. १८८७ च्या दुरुस्ती-कायद्यानंतरही ही पद्धत लागलीच नाहीशी झाली नाही.

भाषेच्या अभ्यासकालाही ह्या काठात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. ही बेटे १४६९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने कन्येच्या हुंड्यापोटी स्कॉटलंडकडे गहाण ठेवली. पुढे तेथील नॉर्न ही स्कँडिनेव्हियन भाषा हळूहळू लोपली. तथापि फेरोई भाषाशास्त्रज्ञ याकोब याकोबसेन ह्यांनी १८९३ ते १८९५ ह्या काळात तेथे हिंडून सुमारे दहा हजार नॉर्न शब्द जमविले. लोकरीच्या रंगांची नावे हा अशा अवशिष्ट शब्दांचा एक ठळक गट आहे. तांबूस तपकिरी छटेस ‘मूरिट’ म्हणतात. ते प्राचीन नॉर्स ‘मोराउद्र’पासून आले. गडद करड्या रंगाचे ‘शेला’ हे नाव हिमकणांच्या थरास असलेल्या नॉर्स शब्दाशी जोडले जाते. मराठी ‘शेला’ व हा शब्द ह्यांतील साम्य मात्र निव्वळ योगायोगाचे आहे. ‘ओल्ड शेल’मधील ‘शेल’ हा तर इंग्रजीतील शिंपल्याच्या नावाचा स्थानिक उच्चार मानला जातो.

भाषा गेली तरी हे शब्द टिकले, कारण त्यांचे काम संपले नव्हते. रंगविलेल्या लोकरीला एकच ‘तपकिरी’ पुरेसा होतो. पण न रंगविलेल्या लोकरीचे तुकडे जुळविणाऱ्या स्त्रीस प्रत्येक छटेचे नाव लागते. अंगठीतून जाणारी शाल विणकरणीच्या कौशल्याची साक्ष देते. ते कौशल्य कोणत्या टंचाईत जोपासले गेले आणि त्याबरोबर कोणते शब्द जिवंत राहिले, ह्याची साक्ष मात्र हॅपच्या पट्टेदार काठातच शोधावी लागते.