खाटेपाशीचे दप्तर

कडेगावचा मुलूख ज्या काळी सातारा जिल्ह्यात मोडत असे, म्हणजे १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा होण्यापूर्वी व १९६० साली त्यास सांगली हे नाव लाभण्यापूर्वी, त्या काळी या परिसरात शुश्रूषेला शास्त्रीय वळण लावण्याचे श्रेय मुख्यत्वे मिरजेकडे जाते, कारण डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तेथे रुग्णालय उभारले आणि १८९७ साली परिचारिकांच्या शिक्षणाचा प्रारंभ केला. त्याआधी तीसेक वर्षे इंग्लंडात थॉमस ऑलबट यांनी पाच मिनिटांत ज्वर मोजणारा सहा इंची तापमापक सिद्ध केला होता, आणि त्यामुळे ठराविक प्रहरी ताप, नाडी व श्वास मोजून आलेख काढणे सोपे झाले. खाटेशी टांगलेला तो तक्ता हेच परिचारिकेचे दप्तर. पाळी बदलताना दुसरीने त्यावरूनच कारभार हाती घ्यावा, असा रिवाज पडला.

पुढे सरकारी आरोग्यसेवेत रजिस्टरांची संख्या इतकी वाढली की शुश्रूषेहून कारकुनीच जड झाली, असे मला वाटते. यावर उपाय म्हणून २०१६ साली केंद्र सरकारने ‘अनमोल’ ही प्रणाली आणून उपकेंद्रांतील परिचारिकांच्या हाती टॅब्लेट देण्यास आरंभ केला. गर्भवतीची नोंद तिच्या घरीच व्हावी, नेटवर्क नसताही ती यंत्रात साठून राहावी व संपर्क येताच मुख्य यंत्रणेत जावी, ही या प्रणालीची योजना. गंमत अशी, की या यंत्राचा मान रुग्णालयाच्या खाटेऐवजी गावातल्या बाजेला मिळाला! मात्र जेथे यंत्र आले तरी वही सुटली नाही, तेथे एकच आकडा दोनदा लिहिणे परिचारिकेच्या कपाळी उरले.