चव्वेचाळिसाव्या अध्यायानंतर

लिहिणाऱ्याच्या घरात एखादी तरी अर्धी वही असतेच. तिच्याकडे नजर गेली की मनाला टोचणी लागते. अशा वेळी पैठणचे संत एकनाथ आठवावेत.

भागवताच्या एकादश स्कंधावरील टीकेचे पहिले पाच अध्याय नाथांनी पैठणला लिहिले. उरलेले सव्वीस वाराणसीत झाले आणि १५७३ मध्ये ग्रंथ पूर्ण झाला. पुढे १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. स्वतःचे लिहिणे भरात असताना आपला वेळ दुसऱ्याच्या ग्रंथाला दिला. उतारवयात भावार्थ रामायण हाती घेतले. पाच कांडे झाली, युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि १५९९ मध्ये नाथांनी देह ठेवला. युद्धकांड अर्धेच राहिले.

ते पुढे नेले शिष्य गावबाने. परंपरा सांगते, हा मुलगा पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी आला होता. लोक त्याला खुळा समजत. नाथांनी मात्र त्याला जवळ केले.

आज रामायण वाचणारा कुणी चव्वेचाळिसाव्या अध्यायाशी थांबून नाथांना उशिराचा जाब विचारत नाही. काम अपुरे राहिले म्हणजे माणूस आळशी होता, असे नाही. तेव्हा स्वतःवर चिडू नये. आज चार ओळी झाल्या तर चारच. त्या मात्र अशा असाव्यात, की उद्या आपल्याला किंवा आपल्यामागून येणाऱ्याला तिथूनच पुढे लिहिता यावे.