फर्नांडिस, रेमो

फर्नांडिस, रेमो : (८ मे १९५३). रॉक व पॉप संगीतातील ख्यातनाम गोमंतकीय गायक, गीतकार, संगीतकार. जन्म पणजी येथे. मूळ गाव बार्देशातील शिवोली. मुंबईच्या सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालयातून त्यांनी वास्तुशास्त्राची पदवी घेतली; पुढे युरोप व उत्तर आफ्रिकेत भ्रमंती केली.

मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांवर अवलंबून न राहता त्यांनी ‘गोवन क्रेझी’ (१९८४) हा इंग्रजी गीतसंग्रह घरीच ध्वनिमुद्रित केला. वाद्ये वाजवणे, गाणे, मुद्रण आणि कॅसेटची विक्री ही सारी कामे त्यांनी स्वतः केली. भारतातील स्वतंत्र रॉक संगीताच्या वाटचालीत या प्रयोगाचे मोल फार मोठे आहे. ‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) या संग्रहातून त्यांनी अमली पदार्थांविरुद्ध आवाज उठवला.

‘त्रिकाल’ (१९८५) व ‘जलवा’ (१९८७) या हिंदी चित्रपटांतील गाण्यांमुळे ते देशभर पोहोचले. ‘बॉम्बे’ (१९९५) मधील ‘हम्मा हम्मा’ हे गीतही गाजले. गोव्याची कोंकणी लोकधून, पोर्तुगीज वळणाची लय आणि पाश्चात्त्य रॉक यांचा सहज मेळ हे त्यांच्या संगीताचे खरे वैभव होय. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान लाभला.